नाथीच्या तोंडचं वाक्य

'ळ' अजून नीट ओळखू येत नव्हता. पलटणीतल्या लालासाहेबानं तो घाईत काढलेला, दोन पोटं एकमेकांत घुसलेली, आणि त्यावर पोस्टाच्या शिक्क्याची काळी कड आलेली... वे... वे... नाथाजीनं कार्डावरचं बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. वेळ. वेळ काढून ये. आणि एकदा तो शब्द सुटला तशी बाकीची ओळही सुटत गेली — 'सांगलीस फड उभा करतो आहे. वग आपला तोच. नाथीशिवाय रंगत नाही. वेळ काढून ये.'

वाचलं. दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता वाचलं. वयाच्या तिसाव्या वर्षी, आपल्याला आलेलं पत्र त्यानं पहिल्यांदाच आपल्या डोळ्यांनी वाचलं होतं, आणि ते कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. पण बायको, लीलाबाई, परसात भांडी घासत होती, राखेची खरखर ऐकू येत होती, आणि एवढ्याशासाठी तिला कुठं हाक मारायची म्हणून तो सोप्यात एकटाच हसला. पलटणीतून नाव कमी होऊन गावी आल्याला अडीच महिने झाले होते. तेवढे दिवस रोज दुपारी तो अल्लाबक्ष शिंप्याच्या दुकानात बसत होता. अल्लाबक्षभाई कापडावर खुणा करायच्या खडूनं फळीवर अक्षर काढून द्यायचा आणि पायानं मशीन चालवता चालवता म्हणायचा, "म्हना. मोठ्यानं म्हना. लढाईवर जाऊन आलेला मानूस तुमी, लाजताय कशापायी?"

नाथीशिवाय रंगत नाही... रंगत नव्हतीच. नाथी नसती तर त्या हिवाळ्यात काय होतं? चव्वेचाळीस सालचा हिवाळा. इटलीतल्या त्या डोंगराचं नाव त्याला कधीच नीट घेता आलं नाही. बर्फ पडलं आणि लढाई जागच्या जागी गोठली. मग पुढच्या खंदकांतून दोन-तीन आठवड्यांसाठी पाळीपाळीनं मागे आणायचे, दगडी घरांच्या एका खेड्यात, खाली गुरं आणि वर गवताच्या माळ्यावर मराठ्यांची पलटण. दुपारी चारला अंधारून यायचं. करायचं काय? पहिले दोन दिवस सगळे बर्फाकडे लांबूनच बघत राहिले, तिसऱ्या दिवशी कुणी तरी त्यातच आखाडा खणला आणि दोन-दोन लोकरी विजारी घालून कुस्त्या सुरू झाल्या. जो चीत होईल त्याच्या पाठीत मूठभर बर्फ सोडायचं. बर्फाचाच एक हवालदार केला, बटाट्याचं नाक लावून. येणारा-जाणारा त्याला कडक सलाम ठोकायचा, आणि एक दिवस खऱ्या हवालदारानंही ठोकला. जेवणाच्या थाळ्या चुलीवर कोमट करून त्यात उवांच्या शर्यती लावायचे — ज्याची ऊ आधी कडेला पोचेल त्यानं दुसऱ्याकडनं पाय चेपून घ्यायचे. मशीनगनच्या पट्ट्यांच्या कड्यांची लेझीम केली. आणि मग जतकडचा धुळा, हाताचा कसबी, त्यानं दारूचं एक रिकामं पिंप कापून त्यावर रेशनच्या बकऱ्याचं कातडं चढवलं, शेकोटीशी धरून तापवलं, थाप मारली... ढोलकीच ती! त्या थापेनं माणसं एकदम गावाकडची झाली.

लालासाहेब म्हणाला, "वग करायचा."

लालासाहेब सांगलीचा, सातवी शिकलेला, अख्ख्या तुकडीची पत्रं वाचायचा आणि लिहायचा. वग त्यानंच जुळवला. लढाईवरचा शिपाई रजेवर येतो, पोस्टमनचं सोंग घेऊन आपल्याच बायकोच्या दारात उभा राहतो, तिची परीक्षा बघतो. शिपाई लालासाहेब. आणि बायको... अंगानं बारीक कोण, आवाजानं पातळ कोण, म्हणून सगळ्यांनी नाथाजीला धरून पुढे ढकललं आणि त्याची नाथी केली. तो चिडला. दोन दिवस बोलला नाही. आपल्याकडे फडावरच्या नाच्याला पाणी देताना लोक भांडं वरून धरतात, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. पण तिसऱ्या दिवशी फाटक्या पॅराशूटचं रेशीम आलं, मलेरियाच्या पिवळ्या गोळ्या पाण्यात विरघळवून ते रंगवलं, मोज्यांचे बोळे चोळीत भरले, घरमालकीण म्हातारीनं आपली काळी रिबीन केसांना बांधायला दिली. आणि नाथाजी गवताच्या पेंढ्यांमागून पुढे आला तेव्हा दीडशे माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यानं आधी कधी ऐकला नव्हता. आपल्यासाठी तर नाहीच.

तो आवाज मी विसरलो नाही, तो मनाशी म्हणाला. खरं सांगायचं तर लढाईतलं बाकीचं काही आठवू नये असंच आहे, पण तेवढं...

बाईसारखं चालायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्यानं डोळे मिटले आणि लीलाबाई पाहिली. पदर कमरेला खोचताना ती डावा खांदा थोडा पाडते. काही अडचणीचं बोलायचं असलं की आधी गालाला हात लावते, मग बोलते. तेच त्यानं केलं. ती वडूजकडची, कोरडवाहू मुलखातली, शब्द पाण्यासारखे जपून वापरणारी. तिचं ते गालाला हात लावून थांबणं नुसतं केलं तरी माळा हसून कोसळायचा. बारा-तेरा खेळ झाले असतील त्या हिवाळ्यात. शेजारच्या तुकड्यांतून बोलावणी आली. एकदा साहेब लोकही येऊन बसले, काही न कळता हसले.

भांड्यांचा आवाज थांबला. नाथाजीनं कार्ड खिशात ठेवलं, मग पुन्हा काढलं. हे वाचता आलं, म्हणजे ती पत्रंही येतील. ट्रंकेत होती सगळी. लीलानं अल्लाबक्षभाईकडून लिहवून घेतलेली सात पत्रं. लालासाहेबानं वाचून दाखवली की तो घडी करून छातीशी ठेवायचा. अल्लाबक्षभाईचं अक्षर तर आता त्याच्या ओळखीचं, त्याच हातानं फळीवर काढलेलं... त्याला उत्साह आला. ट्रंक उघडली. वरच लाल लोकरीचं टोपडं होतं, नेपल्सच्या बाजारातून आणलेलं. ते त्यानं उचलून बाजूला ठेवलं — जिच्यासाठी आणलं तिनं ते घातलं नव्हतं, आणि लीलालाही त्यानं ते अजून दाखवलं नव्हतं — आणि खालचा जुडगा काढून उजेडाला बसला.

पहिलं पत्र अडखळत, पण वाचलं. गाय व्याली. दुसऱ्यात आप्पासोची, त्याच्या थोरल्या भावाची, खुशाली. तिसऱ्याला सुरुवात तशीच — साष्टांग नमस्कार, विनंती विशेष — आणि मग अक्षर तेच, पण शब्द एकदम लीलाचे, ती बोलेल तसे उतरवलेले. पाळ... पुन्हा तो 'ळ'. पाळना. पाळना माळ्यावर... 'पाळना माळ्यावर टाकला बगा. दोरी तेवढी धुनं वाळत घालाय घेतली.'

हे तर नाथीचं वाक्य.

पहिल्यांदा त्याला काहीच वाटलं नाही. नाथीचं वाक्य इथं कसं आलं, एवढंच नवल वाटलं. पोस्टमन विचारतो, "बाई, मालकास्नी काय निरोप?" नाथी गालाला हात लावते, थांबते, ढोलकी थांबते, आणि नाथी म्हणते, "पाळना माळ्यावर टाकला म्हनावं. दोरी तेवढी धुनं वाळत घालाय घेतली." नवरा दोन वर्षं लढाईवर, घरात पाळण्याचं काय काम! अख्खा माळा फुटायचा. शिट्ट्या. कुणी तरी ओरडायचं, "मालकाला रजा द्या वो सायेब!" तीन-तीनदा म्हणून घ्यायचे ते वाक्य त्याच्याकडून, आणि तोही म्हणायचा, दर वेळी हात थोडा जास्त वेळ गालावर ठेवून.

मग त्यानं खालची ओळ वाचली. ती अल्लाबक्षची, स्वच्छ पुस्तकी. 'कळविण्यास फार वाईट वाटते की चि. मनू कार्तिक वद्य अष्टमीस तापाने गेली. तीन दिवसांचा ताप. ताईंच्या तोंडून शब्द निघेना म्हणून मी लिहितो. धीर धरावा.'

'धीर'मधला 'धी' त्यानं दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा.

हे पत्र आलं तो दिवस त्याला आठवत होता. आठवत होता म्हणजे काय, पौषातली दुपार, लालासाहेब गवतावर झरोक्याखाली बसलेला, आणि वाचता वाचता तो थांबला होता. "काय रं?" आपण विचारलं. "काय न्हाई. तुज्या शिंप्याचं अक्षर म्हंजे टाके घातल्यागत." आणि मग वाचलं — समदं खुशाल. मनूला दात आलं. पुढच्या पत्रात ती भिंतीला धरून चालायला लागली. त्याच्या पुढच्या पत्रात ती 'आबा' म्हणायला लागली. लालासाहेबानं ते 'आबा' बोबडं म्हणून दाखवलं होतं, आणि नाथाजीनं ते सगळ्या तुकडीला सांगितलं होतं, परत येताना जहाजावरच्या मद्राशी खलाशालासुद्धा... दोन महिन्यांची पोर ठेवून गेलो होतो मी. तिचं चालणं, तिचे दात, तिचं बोलणं, सगळं त्या माळ्यावर पाहिलं. आणि त्यातलं काहीच घडलं नव्हतं.

भिलवडी स्टेशनावर आप्पासो गाडी घेऊन आला होता. बैल चालायला लागल्यावर म्हणाला, "पोरीचं कळलंच असंल तुला." काय कळलं असेल, हे विचारण्याआधीच त्याच्या आवाजावरून कळलं होतं. नाथाजी बैलांच्या पाठीकडे बघत राहिला. पत्र बुडालं असेल समुद्रात, त्यानं स्वतःशी ठरवलं. बोटी बुडत होत्या, माणसं बुडत होती, तिथं कागदाचं काय. घरी पोचला तेव्हा लीला दारात उभी होती, आणि मला ठाऊक नव्हतं असं तिला सांगण्याची त्याला लाज वाटली. जहाजावर आपण हसत आलो, ही लाज. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि तसेच अडीच महिने गेले.

बुडालं नव्हतं पत्र. माझ्याच खिशात होतं. छातीशी.

"सांगलीला जाऊन येतो," त्यानं परसाच्या दारातून सांगितलं. लीलाबाई हात पुसत उठली. "आत्ताच? मैतराकडं?" तिनं काही न विचारता भाकरी आणि खर्डा फडक्यात बांधून दिला, आणि देताना त्याच्याकडे असं मऊ पाहिलं — आल्यापासून ती अधूनमधून असं बघायची, जणू त्याचं एखादं मोठं उपकाराचं काम तिच्याकडे नोंदलेलं आहे, आणि त्याला ते कधी उमगलं नव्हतं — की त्यानं मान फिरवली.

गाडीत गर्दी होती, पण खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर गुऱ्हाळं पेटलेली, उसाच्या रसाचा कढत वास डब्यात येत होता. लालासाहेबाला काय म्हणायचं, हे तो मनाशी जुळवत होता, आणि दर वेळी जुळवलेलं मोडत होतं, कारण मध्येच भाऊसो यायचा. भाऊसो त्यांच्याच तुकडीतला. त्या डिसेंबरात त्याची आई गेल्याचं पत्र आलं. लालासाहेबानंच वाचलं, जसं होतं तसं वाचलं. भाऊसो नुसता "बरं" म्हणाला आणि दुपारी मोज्यांवरच, बूट न घालता, बर्फात चालत गेला. दोन दिवसांनी गोठलेला सापडला. त्यानंतर आठवडाभर लालासाहेब कुणाची पत्रं वाचायला तयार नव्हता... म्हणजे म्हणून? म्हणून वाचलं नसेल? नाथाजीला एकदम हलकं वाटलं. एवढंच असेल तर मी त्याच्या पाया पडेन. पोर गेलेली असताना वर्षभर मला तिचा बाप ठेवलं त्यानं. पण मग ते वाक्य? झाकायचं होतं तर झाकायचं. वर काढून माझ्याच तोंडात कशाला घालायचं? गाडीनं शिट्टी दिली. समोरची बाई आपल्याकडे बघते आहे हे पाहून त्याला कळलं, की आपला हात गालावर गेला होता.

माधवनगरला उतरून तो सांगलीपर्यंत चालत गेला. भुसारपेठेच्या मागे धान्याचं एक रिकामं कोठार लालासाहेबानं तालमीसाठी घेतलं होतं. दुपारच्या वेळी आत फक्त दोघे होते, लालासाहेब आणि ढोलकीच्या वाद्या ताणत बसलेला धुळा. लालासाहेब उठून धावलाच. "आली रं आली! धुळा, बग, आपली नाथी आली!" त्यानं मिठी मारली. अंगाला तोच वास, तंबाखूचा आणि कापराचा. एकदा गोळे पडत असताना याच अंगानं त्याला ओढून भिंतीमागे नेलं होतं. "लय वाळलास की. बस. च्या सांगतो. ह्या जत्रंला पहिला खेळ, गड्या, खरी साडी आणलीया तुला, पॅराशूट न्हवं!"

"मनू कवा मेली?" नाथाजी म्हणाला.

ढोलकीवरचा हात थांबला. लालासाहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ जागा चुकल्यासारखं तिथंच राहिलं.

"वाचाय शिकलास," तो म्हणाला.

"कवा मेली?"

"बस आधी." तो स्वतःच बसला, पोत्यावर. "भाऊसोचं काय झालं ठावं हाय न्हवं तुला? म्या वाचलं हुतं त्याचं पत्र. माज्या ह्या तोंडानं. दुसऱ्या मैन्यात तुजं आलं. तूच सांग, काय करायचं? वाचून दावायचं आनि परत बर्फात हुडकायचं? तुजा हात धरून फिरलो असतो का मी रोज?" त्याचा आवाज चढला. "जित्ता आनला तुला घरी. त्येचं काय न्हाई?"

"हाय. त्येचं हाय."

"मग?"

"वाक्य कशाला घेतलंस?"

"कुठलं वाक्य?"

नाथाजीनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. कपाळाला आठी घालून, मनापासून आठवत होता. सकाळपासून त्यानं लालासाहेबाला मनात वीस तऱ्हांनी पाहिलं होतं, रडताना, नाकारताना, अंगावर येताना; विसरलेला मात्र पाहिला नव्हता. ते वाक्य त्यानं म्हणून दाखवलं. नाथीच्या आवाजात नाही, आपल्या. कोठारात ते अगदीच लहान वाटलं.

"आगाई," लालासाहेब हळूच म्हणाला. "ते व्हय." मग म्हणाला, आणि हे त्यानं खरं सांगितलं, ते खरं होतं म्हणूनच नाथाजीला पुढे कधी विसरता येणार नव्हतं: "लय चांगलं वाक्य हुतं रं ते. मला सुचलं नसतं असलं. चार दीस डोक्यातनं जाईना. वगात त्या जागी कायच बसत न्हवतं, आनि हे... आपसूक बसलं. मग ते तुज्या घरचं हाय हे... राह्यलंच न्हाई ध्यानात. वगाचंच झालं."

"मी म्हनत हुतो. माज्या तोंडून."

"तुज्यावानी कोन म्हननार हुतं?"

नाथाजी धुळ्याकडे वळला. "तुला ठावं हुतं?"

धुळा ढोलकीच्या वादीची गाठ सोडत होता, ती सुटल्यावर पुन्हा बांधू लागला. म्हणजे ठाऊक होतं. म्हणजे सगळ्यांनाच, निदान पुढच्या रांगेला. त्यानं 'आबा'ची गोष्ट सांगितली की खाली बघणारी ती माणसं, आणि खेळाला गडगडाटी हसणारी तीच. हसू खरं होतं की मला झाकायला आणलेलं? ज्या आवाजावर मी आजवर... तो आवाज त्याला परत ऐकू आला आणि तो कसला होता, हेच ठरेना.

"मी काढून टाकतो वाक्य," लालासाहेब मागून म्हणाला. नाथाजी दारात पोचला होता. "नाथाजी, ऐक की. काढून टाकतो. तू ये मातूर. तुज्याबिगर मी कुनाला उभा करू?"

तो मागे वळला नाही. रस्त्यावर ऊन होतं, बैलगाड्यांतून हळदीची पोती चालली होती. थोडं पुढे गेल्यावर त्याला कळलं, की आपण मनातल्या मनात ते वाक्य वगातून काढून बघतो आहोत, आणि त्या जागी खरंच काही बसत नाही. आणि आपल्याला ते बसत नाही हे कळतंय, याची त्याला शिसारी आली. चाल मी दिली होती. पडलेला खांदा, गालावरचा हात. लालासाहेबानं तिचे शब्द घेतले, पण बाई मीच आणून उभी केली होती त्या माळ्यावर, रोज, ती दीडशे माणसांना आवडते म्हणून.

परतीच्या गाडीत बसल्यावर आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि तो उभाच राहिला. उत्तर. प्रत्येक पत्राला उत्तर गेलं होतं. आपण सांगायचो, लालासाहेब लिहायचा. त्या दिवशी आपण काय सांगितलं होतं? उवांच्या शर्यतीचं. बर्फाच्या हवालदाराचं, बटाट्याच्या नाकाचं. पोर गेल्याचं कळवणाऱ्या बाईला त्यानं हे लिहिलं असेल? सोप्यात बसून अल्लाबक्षभाईनं ते तिला वाचून दाखवलं असेल, बटाट्याचं नाक? ...आणि तरी ती मला भाकरी बांधून देते. भिलवडीपासून गावापर्यंतची वाट तो जवळजवळ धावतच आला.

लीलाबाई चुलीपुढे होती. नुकता दिवा लागला होता. "लवकर आलासा," ती म्हणाली. "भेटले का?"

"मी लढाईवरनं धाडलेली पत्रं हायती का?"

तिनं वर पाहिलं. "समदी न्हाईत. घर शाकारताना गेली काय काय." तवा खाली उतरवून ती उठली, आत देवळीपाशी गेली, आणि अंगारा ठेवायच्या डबीखालून एक घडी काढून घेऊन आली. "ही हाय." त्याच्या हातात ती देताना थांबली. "पाठच हाय मला. अल्लाबक्षभाईनी पाचदा वाचून दावली तवा. पर..." तिला ओशाळल्यासारखं झालं. "आता तुमास्नी वाचता येतंय. तुमच्या तोंडनं एकदा ऐकावं वाटत हुतं. म्हनलं, कसं सांगावं."

लालासाहेबाचं अक्षर. पण कार्डावरच्यासारखं घाईचं नाही. एकेक शब्द सुटा, सावकाश काढलेला. नाथाजीनं बोट टेकवलं.

"लीला," त्यानं वाचलं. "तुझे... पत्र... पावले. तुला जो शब्द सांगता आला नाही तो मलाही लिहिता येत नाही." तो थांबला. ती चुलीकडे बघत होती, ओठ हलत होते. त्याच्या पुढे एक-एक शब्द होती ती. "मनूला जिथे ठेवले तिथे तू एकटी जाऊ नकोस. मी आलो की आपण... दोघे जाऊ. तोवर माझे रडे मी इथे... राखून ठेवतो."

आणखी दोन ओळी होत्या, पण अक्षरं एकमेकांत गेली.

"मी गेले न्हाई बगा," लीलाबाई म्हणाली. "वड्याकडच्या रानात खुरपायला सुदीक गेले न्हाई दीड वरीस. थोरल्या जाऊबाई बोलल्या त्यावरनं. म्हनलं, बोलू देत. त्यास्नी काय ठावं." मग, अगदी हळू, "तुमी आलासा. म्हनलं आज म्हनतील, उद्या म्हनतील. मग म्हनलं, गड्यामानसाचं असतंय. इचारू न्हाई."

अडीच महिने. अडीच महिने ही बाई ज्याची वाट बघत होती, तो माणूस गवताच्या माळ्यावर, एका दुपारी, लालासाहेबानं तयार केला होता. चांगला माणूस होता तो. नाथाजीपेक्षा चांगला, त्याला बोलता येत होतं. तिचं ते मऊ बघणं त्याच्यासाठी होतं. आता सांगावं, की हा मी नव्हे. मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा तुझी चाल करून दाखवत होतो आणि माणसं हसत होती... सांगावं, म्हणजे मनूला जिथं पुरलं ते, दीड वर्ष तिनं न तुडवलेलं ओढ्याकाठचं रान तिच्या हातून जाईल. न सांगावं, तर उद्या तिच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत जायचं ते कुणी? लालासाहेबाचा राग त्यानं सांगलीहून घट्ट धरून आणला होता. तो अजून होता, जसाच्या तसा, पण तो ठेवायचा कुठं हे आता कळत नव्हतं. ज्यानं चोरून नेलं त्यानंच हे आणून ठेवलं होतं, आणि ते परत करायला जागा नव्हती.

"पुढचं वाचा की," ती म्हणाली.

"दिसंना," तो म्हणाला. आवाज जरासा फुटला, आणि तो फुटला तशी लीलाबाईनं पहिल्यांदाच वळून नीट त्याच्याकडे पाहिलं, हातातलं पीठ तसंच. तिच्या डोळ्यांत ओळख पटल्यासारखं काहीतरी हललं. ती ओळख त्याची होती की पत्रातल्या माणसाची, हे नाथाजीला सांगता आलं नसतं. जे रडू येत होतं, ते राखून ठेवलेलं नव्हतं. ते आजचं होतं, आताचं, त्यात मनू होती आणि लालासाहेबही होता, आणि तिला ते वेगळं करून दाखवता येणार नव्हतं. तो पत्रावर बोट तसंच ठेवून बसला. बोटाखाली कुठला शब्द आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.